राजनांदगावच्या प्राध्यापकाची ‘कामायनी’

भिलाईहून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्ग सोडते आणि थोड्याच वेळात राजनांदगावला येऊन थांबते. पोलाद कारखान्यातील नोकरीसाठी विदर्भातून येऊन इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा रस्ता पाठ असतो. लग्नकार्य असो की दिवाळी, जायचे याच मार्गाने. पण या राजनांदगावात, राणीसागर आणि बूढासागर या दोन तळ्यांच्या शेजारी, जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या महाविद्यालयात एक मराठी गृहस्थ हिंदी शिकवीत होते आणि त्यांनी हिंदीतील एका अभिजात काव्याचा सारा हिशेब नव्याने मांडला, हे त्या प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

ते गृहस्थ म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७ चा, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरचा. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतच लिहीत राहिले; ‘क्षिप्रा’ ही त्यांचीच कादंबरी. नागपूरला आकाशवाणी, मग साप्ताहिकाचे संपादन अशी ओढाताण सोसून मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. कवी म्हणून जाणकारांत नाव होते, पण स्वतःचा एकही कवितासंग्रह निघालेला नव्हता.

आणि त्यांच्या मनात ‘कामायनी’ अनेक वर्षे घर करून बसली होती.

जयशंकर प्रसादांचे हे पंधरा सर्गांचे महाकाव्य १९३६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, कवी निवर्तले. गोष्ट प्रलयातून वाचलेल्या मनूची. त्याला श्रद्धा भेटते, संसार मांडला जातो. पण होणाऱ्या बाळावरचे तिचे प्रेमही मनूला सोसवत नाही आणि तो तिला सोडून निघतो. सारस्वत प्रदेशात इडेच्या मदतीने तो राज्य उभारतो, यंत्रे आणतो, माणसांची कामे वाटून देतो. मग खुद्द इडेवरच अधिकार गाजवू पाहतो तेव्हा प्रजा उठते आणि तो घायाळ होऊन पडतो. श्रद्धा त्याला शोधत येते, मुलाला इडेपाशी ठेवते आणि नवऱ्याला घेऊन हिमालयाची वाट धरते. शेवट आनंदाचा आहे.

आरंभीच्या टीकाकारांनी हे काव्य डोक्यावर घेतले. मनू म्हणजे मन, श्रद्धा म्हणजे हृदय, इडा म्हणजे बुद्धी, हा अर्थ प्रसादांनीच प्रस्तावनेत सुचवला होता. वर्गावर्गांतून तोच शिकवला जाऊ लागला. आचार्य रामचंद्र शुक्लांसारख्या साक्षेपी समीक्षकाने कुरकुर केली, नाही असे नाही. कवी शेवटी ज्या समन्वयाची बाजू घेतो तो गूढवादामुळे काव्यात टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे. पण एकूण सूर गौरवाचाच होता. अशा ग्रंथाचे नाव निघाले की आधी हात जोडायचे, ही आपली जुनी सवय. (मराठीत तरी काय वेगळे आहे?)

मुक्तिबोधांनीही हात जोडले, पण डोळे उघडे ठेवून. ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हे त्यांचे पुस्तक १९६१ साली आले. हा मनू पुराणातला नव्हेच, तो आपल्याच काळातला माणूस आहे, असे त्यांनी त्यात मांडले. सरंजामी वैभव बुडाले, पण हुकमत गाजवण्याची सवय सुटली नाही; स्वतःपलीकडे पाहता येत नाही आणि हरला की वैराग्य सुचते. प्रलय, सारस्वत नगर, कैलास हा सगळा एक भव्य कल्पनाविलास आहे आणि त्याच्या आडून प्रसाद आपल्याच समाजाविषयी बोलत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. प्रसादांनी रोग अचूक ओळखला, याचे श्रेय ते मोकळेपणाने देतात. त्यांचे भांडण आहे ते औषधाशी. प्रजा रक्तबंबाळ होऊन मागे राहिली आणि राजा पर्वतावर आनंदात लीन झाला, हे उत्तर कसले? आणि बुद्धीच्या, म्हणजे इडेच्या, पदरी इतका दोष का?

या वादाला आणखी एक पार्श्वभूमी आहे, ती भिलाईकरांना सहज दिसेल. ‘कामायनी’तील प्रजेची एक तक्रार अशी की राजाच्या यंत्रांनी तिची नैसर्गिक शक्ती हिरावून घेतली. त्या काव्याचा पुनर्विचार पुस्तकरूपाने येण्याच्या दोनच वर्षे आधी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, जवळच भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली होती. यंत्रे दारात येऊन उभी राहिल्यावर हिमालयाचा सल्ला किती जणांच्या उपयोगी पडणार होता?

भिलाईला रशियनांचे साहाय्य होते, राउरकेल्याला जर्मनांचे. पण मुक्तिबोधांच्या या पुस्तकाचे सख्खे भावंड सापडते ते एका जर्मन कादंबरीच्या इतिहासात. गटेची ‘वेर्थर’ १७७४ साली निघाली. प्रेमभंगाने जीव देणाऱ्या तरुणाची ही कथा वाचून युरोप रडला. लाइपझिगमध्ये तर तिच्यावर बंदी आली, वेर्थरसारखा पोशाख करण्यावरसुद्धा! निकोलाई नावाच्या लेखकाने तिचे विडंबन करून नायकाला जिवंत ठेवले. १८०८ मध्ये नेपोलियन गटेला भेटला तेव्हा त्याने दोष काढला, की वेर्थरच्या दुःखात प्रेमाबरोबर दुखावलेल्या महत्त्वाकांक्षेची भेसळ झाली आहे. आणि १९३६ मध्ये, म्हणजे ‘कामायनी’च्याच सुमारास, हंगेरियन समीक्षक लुकाच याने नेमकी तीच भेसळ कादंबरीचे मर्म ठरवली. उमरावांच्या मेजवानीत अपमानित होणारा वेर्थर त्याला प्रेमवीराइतकाच समाजव्यवस्थेवर आदळलेला माणूस वाटला. पुस्तकातला मजकूर तोच होता. नेपोलियनला जे व्यंग वाटले, ते लुकाचला बलस्थान दिसले.

मुक्तिबोधांच्या वाट्यालाही असेच फेरवाचन आले, पण ते पाहायला ते उरले नाहीत. १९६२ मध्ये त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. तो घाव त्यांना फार लागला. १९६४ च्या आरंभी पक्षाघात झाला. आधी भोपाळ, मग दिल्ली, आणि ११ सप्टेंबरला अखेर. ‘चाँद का मुँह टेढा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यांच्यामागून वाचकांच्या हाती पडला.

मग मात्र चक्र उलटे फिरले. नामवर सिंहांनी १९६८ च्या ‘कविता के नए प्रतिमान’ या ग्रंथात मुक्तिबोधांना नव्या कवितेच्या केंद्रस्थानी आणले. ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता म्हणजे हरवलेल्या अस्मितेचा शोध, असे त्यांचे वाचन. दहा वर्षांनी रामविलास शर्मांनी त्याच कवितेत दुभंगलेले मन पाहिले. दोघेही मार्क्सवादी, दोघेही व्यासंगी. तरी एकाला जिथे शोध दिसला तिथे दुसऱ्याला आजार दिसला. पुढे ‘अंधेरे में’ हिंदी साहित्याच्या अभ्यासक्रमांत जाऊन बसली, आणि एकेकाळी ‘कामायनी’भोवती जमले होते तसेच प्रचलित अर्थांचे कुंपण आता तिच्याभोवतीही जमू लागले आहे.

शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात याच प्रश्नाशी आपल्या परीने झगडत होते. साहित्याचे मूल्य कशात, याचा विचार करणाऱ्या त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. मराठी घरातले दोन भाऊ, दोन भाषा. राजनांदगावला तळ्याकाठी थोरल्याचे स्मारक आहे. तो राहत होता त्या घराचा, त्याच्या कवितेत डोकावणारा चक्री जिना तिथे पाहता येतो. भिलाईहून सकाळी निघाले तर जेवायला घरी परतता येते.