केडगावचा प्रश्न आणि हिंगण्याचे उत्तर

मिशनऱ्यांच्या सेवाकार्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक भाबड्या कौतुकाचा, दुसरा सरसकट संशयाचा. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास या दोन्ही सुरांना पुरून उरणारा आहे.

1883 मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. बालविधवांना शिकवून स्वावलंबी करावे हा हेतू. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा. मात्र शिक्षणात धर्मप्रचार नसेल, असे अभिवचन. त्यावर विसंबूनच रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळावर आले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असे उघड झाल्यावर ‘केसरी’ने उठवलेला आवाज म्हणूनच निराधार नव्हता. दार उघडे होते, सक्ती नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे खरे मानू. पण ज्या मुलीला जगात दुसरा थारा नाही, तिच्यासाठी आश्रयदात्रीचे उघडे दार हेही निमंत्रणच असते.

1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. वाद आपण जिंकला. पण त्या मुली परतल्या कुठे? ज्या अंधाऱ्या माजघरातून त्या बाहेर पडल्या होत्या, तिथेच! या प्रश्नाशी कोणाचा अग्रलेख फारसा रेंगाळला नाही.

पुढे 1896-97 चा दुष्काळ आला. सार्वजनिक सभा शेतकऱ्यांना फॅमिन कोडमधील हक्क समजावून सांगत होती. ते कार्य मोलाचेच होते. पण मध्य प्रांतातील रस्त्यांवर अनाथ झालेल्या मुलींना छप्पर हवे होते. ते द्यायला रमाबाई गेल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. शेकडो मुली केडगावला आल्या आणि त्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती झाल्या. बोस्टनच्या कराराची दहा वर्षे 1898 मध्ये संपली. त्यानंतर संस्थेने आपले ख्रिस्तीपण झाकण्याचा प्रश्नच उरला नाही.

याचे खरे उत्तर दिले ते धोंडो केशव कर्वे यांनी. ज्या 1893 साली पुण्यात राजीनामे गाजत होते, त्याच साली त्यांनी शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, विवाह केला. त्यासाठी मुरूडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली, 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. पैसा आपल्याच समाजातून, पै-पैने मागून आणलेला. रमाबाईंवर टीका करण्यात या गृहस्थाने वेळ दवडला नाही. तेवढा वेळ त्यांच्यापाशी नव्हताच म्हणा!

सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे गैरच, आणि तसे घडत असेल तेथे ते ठामपणे सांगितले पाहिजे. पण वनवासी पाड्यावरच्या मिशनच्या वसतिगृहाची तक्रार घेऊन कोणी आले की मी आधी एवढेच विचारतो : त्या पाड्यापासून आपले वसतिगृह किती कोसांवर आहे?