बंदूक पार्सलने नको, उत्तर मुदतीत हवे



तालुक्यातालुक्याच्या बैठकांतून हल्ली एक मागणी जोर धरू लागली आहे. बियाणे कुरियरने येते, मोटारीचे सुटे भाग येतात, फवारणीचा पंप घरपोच मिळतो. मग पीक राखायची बंदूक तेवढी का नाही? परवाना काढला, पैसे भरले, पार्सल घरी आले, असे का होऊ नये? अमेरिकेत बंदुका टपालाने मिळतात, असा दाखलाही दिला जातो.

मागणी करणाऱ्यांचा राग खरा आहे. हुरड्यावर आलेली ज्वारी रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेली ज्याने पाहिली, रोह्यांच्या कळपाने कपाशीचे शेंडे खुडलेले ज्याने पाहिले, त्याला शहाणपण शिकवायला आम्ही जाणार नाही. पण ठराव करण्याआधी दाखला तपासून घ्यावा लागतो. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: ही मागणी जिल्ह्याच्या बैठकीत मांडू नये. तिच्या जागी दुसरी मांडावी, आणि ती अधिक टोकदार आहे.

अमेरिकेचाच दाखला घ्यायचा तर टेक्सासचा घ्यावा. कापसात ते राज्य त्या देशात पहिले. ज्वारीत कॅन्सासच्या खालोखाल. पश्चिमेकडच्या पठारावर कापसाचे मोठे क्षेत्र आपल्यासारखेच पावसाच्या भरवशावर. आणि शत्रूही तोच, डुक्कर. फरक एवढाच की आपले रानडुक्कर इथले मूळचे, तिथले बाहेरून आलेले. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात पाळीव डुकरे नेली, ती रानात सुटली. पुढे शिकारीच्या हौसेसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली. आज टेक्सासात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरली जाते. २०११ साली तिथे हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याची सोय झाली आणि २०१९ पासून जमीनमालकाची संमती असली की खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. म्हणजे शेतकऱ्याला बंदूक वापरायची जितकी मोकळीक तिथे आहे, तितकी जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

आता त्या शेतकऱ्याच्या हातात बंदूक पोहोचते कशी, ते पाहू.

१८९६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने खेड्यातल्या घरोघरी टपाल पोचवायला सुरुवात केली. १ जानेवारी १९१३ पासून पार्सलही टपालाने जाऊ लागले. मोठमोठ्या दुकानांची जाडजूड सूचीपत्रे शेतकऱ्याच्या घरी येत. त्यांत नांगर, शिवणयंत्र, घोड्याचे खोगीर आणि बंदूक एकाच पुस्तकात. पैसे पाठवा, माल घरी. आपले कार्यकर्ते जे मागतात, ते तिथे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे.

मग काय झाले? खिशात लपणारी पिस्तुले टपालाने गुन्हेगारांच्या हाती जाऊ लागली. १९२७ साली तिथल्या संसदेने अशी लपवता येणारी शस्त्रे टपालाने पाठवायला बंदी केली. शेतकऱ्याची लांब नळीची बंदूक त्यातून वगळली. विचार बरोबर होता, पण कायदा फक्त टपालखात्यापुरता होता. रेल्वेने माल पोचवणाऱ्या खासगी कंपन्या मोकळ्याच राहिल्या. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी!

या खिडकीतून काय आत येते, ते १९६३ साली साऱ्या जगाने पाहिले. ली हार्वे ऑस्वाल्ड नावाच्या माणसाने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून दुर्बीण बसवलेली रायफल मागवली. किंमत वीस डॉलरच्या आत. ती टपालपेटीच्या पत्त्यावर पार्सलने आली. लॉस एंजेलिसहून मागवलेले रिव्हॉल्व्हर टपालाने येऊ शकत नव्हते, म्हणून ते रेल्वेच्या मालकंपनीने आले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा खून झाला, असा चौकशी आयोगाचा निष्कर्ष आहे.

तरीही कायदा बदलायला पाच वर्षे गेली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाल्यावर, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या साध्या माणसाच्या घरी परस्पर बंदूक पाठवता येत नाही. ती परवानाधारक विक्रेत्याकडेच जाते. घेणाऱ्याने तिथे जायचे, ओळख पटवायची, अर्ज भरायचा. विक्रेता त्याची गुन्ह्यांची नोंद तपासून घेणार आणि मगच बंदूक हातात देणार. ही तपासणी ३० नोव्हेंबर १९९८ पासून देशभर एका यंत्रणेमार्फत होते आणि बहुतेकांना उत्तर काही मिनिटांत मिळते.

पार्सल नेणाऱ्यावरही जबाबदारी आहे. बंदुकीचे पार्सल घेणाऱ्याची लेखी पोच घेतल्याशिवाय देता येत नाही. आत बंदूक आहे असे खोक्यावर बाहेरून लिहायला लावता येत नाही, म्हणजे वाटेत चोराला आमंत्रण नको. मोठ्या कुरियर कंपन्या तर आपल्या नियमाने साध्या माणसाकडून असे पार्सल घेतच नाहीत.

कायद्याने दोन-तीन फटी समजून-उमजून ठेवल्या आहेत, त्याही पाहा. आपल्याच राज्यातल्या रहिवाशाला लांब नळीची बंदूक टपालाने पाठवता येते. दुरुस्तीसाठी बंदूक परवानाधारकाकडे पाठवली, तर तो ती दुरुस्त करून परस्पर मालकाला परत पाठवू शकतो. आणि काळ्या दारूची ठासणीची बंदूक तिथल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. काही राज्यांचे नियम कडक आहेत, पण केंद्राच्या कायद्यापुरती ती घरपोच येऊ शकते.

यातून घ्यायचा धडा एवढाच: ज्या देशात बंदुकीचे एवढे स्तोम आहे, त्या देशानेही बंदूक आणि माणूस यांच्यामध्ये एक जबाबदार माणूस उभा केला. बंदूक किती कोस चालत आली याला महत्त्व नाही. ती शेवटी कोणाच्या हातात पडली आणि ते कोणी पाहिले, याला महत्त्व आहे.

आता आपल्याकडे या. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कायद्याने शेतकऱ्याला चोर मानलेले नाही. पण त्याच कायद्याच्या कलम १२ ने शस्त्रांच्या वाहतुकीवर परवान्याची अट घालण्याचा, वेळप्रसंगी बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. गावचा लोहार कितीही कसबी असला तरी ते काम त्याचे नाही. म्हणून पहिली गोष्ट कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगावी: बंदूक किंवा दारूगोळा एसटीच्या पार्सलात, मालाच्या टेम्पोत, ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती कोणी देऊ नये. पीक राखायला निघालेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. कलम ३ मध्येच एक सवलत आहे. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस, स्वतःचा परवाना नसतानाही, ती बंदूक दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी नेऊ शकतो. म्हातारा बाप जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ शकत नसेल, तर मुलाने सहीचे पत्र आणि परवाना घेऊन जावे. कुरियरची गरज ज्या कामासाठी वाटते, त्यातले निम्मे काम या एका वाक्याने भागते.

मग अडते कुठे? अडते ते अर्जाच्या वाटेवर. परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत, अहवाल पोलीस ठाण्यात, आणि डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी वेगळी, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय ते मारता येत नाही. तीन दारे, आणि एकाही दारावर कोणी सांगत नाही की उत्तर कधी मिळेल. हंगाम निघून जातो, कागद जागेवरच. वास्तविक कलम १३ म्हणते की पोलिसांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर परवाना अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास त्याची वाट न पाहता निर्णय देता येतो. कलम १४ म्हणते की नकाराची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर अर्जदाराला ती मागता येतात. कलम १८ प्रमाणे नकारावर अपील आहे. कायदा कागदावर जागा आहे, कचेरीत झोपलेला आहे.

इथे एक इशारा. उत्तर आले नाही म्हणजे परवाना मिळाला असे समजावे, अशी मागणी कोणी करील. अमेरिकेत तीन कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर विक्रेत्याला बंदूक देता येते. २०१५ साली चार्ल्सटनच्या प्रार्थनागृहात नऊ जणांचा जीव घेणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते असेच, तपासणी पुरी होण्याआधी. ती वाट आपल्याला नको.

आणि एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलली पाहिजे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आपल्या कापूसपट्ट्यातल्या किती घरांनी काय भोगले आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. नापिकीच्या वर्षी, कर्जाच्या तगाद्यात, खोके उघडले की बंदूक हातात, अशी सोय आपण आपल्याच घरासाठी मागायची का? समोर बसून दोन शब्द विचारणारा, चेहरा पाहणारा एक माणूस वाटेत असणे, यात शेतकऱ्याचा अपमान नाही. त्या घरातल्या मायबहिणीला विचारा, तीही हेच सांगेल.

म्हणून आमची सूचना अशी. जिल्ह्याच्या बैठकीत ठराव करावा: पीक-संरक्षणाच्या परवान्याचे अर्ज तहसील कचेरीत घ्यावेत, पोच आणि निर्णयाची तारीख त्याच दिवशी लेखी द्यावी. होकार असो वा नकार, उत्तर पेरणीपूर्वी मिळावे, नकार असेल तर कारणासह. वनखात्याची परवानगी त्याच खिडकीवर मिळावी. वर्षातून दोनदा तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक कारागिराला बोलावून, पोलिसांच्या समक्ष, दुरुस्तीचा आणि नूतनीकरणाचा दिवस ठेवावा. आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई या साऱ्यापासून वेगळी, हक्काने मिळावी. बंदूक दिली म्हणून सरकारने हात झटकू नयेत.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी बैठकीला येताना आपल्या गावात किती अर्ज पडून आहेत, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या टेबलावर, याची यादी आणावी. घोषणा एका दिवसात विरतात. तारखांची यादी साहेबाच्या टेबलावरून हलवता येत नाही.