सीमेपलीकडची मेमरी कोणाची?

बेंगळुरूमध्ये २०२२ साली सुरू झालेली ‘नम्मा यात्री’ ही सेवा प्रवासी आणि रिक्षाचालक यांची गाठ घालून देते. तिचा सर्व्हरवरील कोड हॅस्केल या फंक्शनल भाषेत लिहिलेला असून तो सर्वांना वाचायला खुला आहे. अशी उदाहरणे पाहून विद्यार्थ्यांत एक समज रुजतो : हॅस्केल निवडली की मेमरीची चिंता मिटली. हा समज अर्धाच खरा आहे.

हॅस्केलचा गार्बेज कलेक्टर स्वतःच्या हीपचा हिशेब चोख ठेवतो. मात्र अशा सेवांना डेटाबेस लागतोच, आणि हॅस्केलमधून पोस्टग्रेसकडे जाणारा रुळलेला मार्ग सी भाषेतील लिबपीक्यू या लायब्ररीतून जातो. क्वेरीचे उत्तर सीच्या मेमरीत साठते. हॅस्केलच्या हाती येतो तो केवळ त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर. उत्तर कित्येक मेगाबाइटांचे असले, तरी कलेक्टरला दिसते ती मोजक्या बाइटांची वस्तू. त्यामुळे त्याला घाई नसते.

या पॉइंटरला फायनलायझर जोडता येतो. हॅस्केलकडील शेवटचा संदर्भ सुटल्याचे कलेक्टरला आढळले, की तो सीकडील मेमरी मोकळी करतो. पण हे केव्हा घडेल, याची हमी नसते. तोवर मेमरी साचत गेली, तर ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रामच बंद पाडू शकते.

हाताने आधीच मोकळी करावी, तर तिथेही धोका आहे. हॅस्केल गरज पडेपर्यंत मूल्य काढत नाही. न सोडवलेल्या एखाद्या पदावलीत जुना पत्ता दडलेला असू शकतो. म्हणूनच हॅस्केलच्या लिबपीक्यू पॅकेजमधील तत्काळ मेमरी सोडणाऱ्या फंक्शनच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द आहे.

यावरून फंक्शनल भाषा कुचकामी ठरत नाहीत. त्यांची सुरक्षितता सीमेपर्यंतच पोहोचते, एवढेच ठरते. सीमेपलीकडे मेमरी कोणी मागितली, ती कोण सोडणार आणि केव्हा, हे कोडमध्येच स्पष्ट दिसले पाहिजे. मोठ्या उत्तरांसाठी घेणे, वापरणे आणि सोडणे एकाच चौकटीत बांधावे; चौकटीबाहेर जाणारे मूल्य पूर्ण सोडवून, त्याची प्रत करूनच पाठवावे.

आज अनेकदा रिकर्शन आणि टाइप शिकवून अभ्यासक्रम थांबतो. वास्तविक फोर्ट्रानमधील लॅपॅक वापरणाऱ्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हीच सीमा ओलांडावी लागते. खुला कोड हाताशी असताना ती वर्गात न शिकवण्याला सबब उरत नाही.