हिंवाळी पाऊस आणि घराच्या पन्हळी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं घर शाकारून घ्यावें, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. रोहिणीचें ऊन तापत असतां कौलें चाळणें, फुटकीं काढून नवीं बसविणें, कुजलेला वासा बदलणें, धाब्यावर पांढरी माती चढविणें, हीं कामें पुष्कळ घरीं अजूनहि होतात. आणि ज्या घरीं तीं होत नाहींत त्या घरच्या कर्त्या पुरुषास पहिल्या सरीबरोबरच शरमून जावें लागतें. परंतु हाच शेतकरी दसरा उलटल्यावर पुन्हां एकदां छपराकडे पाहतो काय, असा प्रश्न केल्यास उत्तर बहुशः नकारार्थी येईल. पावसाळा सरला, आतां छपराचें काम पुढच्या वैशाखांत, अशी सर्वांची समजूत झालेली आहे. ही समजूत आतां धोक्याची ठरूं लागली आहे. व छपराची आणि पन्हळींची पाहणी वर्षांतून एकदां नव्हे तर दोनदां झालीच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हिंवाळ्यांत पाऊस तो कसला, असें कोणी म्हणेल. त्यांनीं थोडें मागें वळून पाहावें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ चक्रीवादळ कोंकण किनाऱ्यावर थडकलें, तेव्हां दिवाळी होऊन गेली होती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाडा व विदर्भ यांतील उभीं पिकें गारपिटीनें झोडपलीं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अरबी समुद्रांत ‘क्यार’ आणि ‘महा’ हीं वादळें लागोपाठ उठलीं. तीं आपल्या किनाऱ्यावर चढलीं नाहींत, तरी काढणीस आलेलें धान्य शेतांतच भिजून गेलें. १४ ऑक्टोबर २०२० रोजीं सोलापूर-पंढरपूर भागांत झालेली अतिवृष्टि कोणी विसरलें नसेल. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस नाशिक जिल्ह्यांत द्राक्षांवर गारा पडल्या. अरबी समुद्राचें पाणी अलीकडच्या दशकांत अधिक तापूं लागलें आहे व तेथील वादळेंहि वाढलीं आहेत. म्हणून अवकाळी पावसास यापुढें अगदींच अवचित आलेला पाहुणा मानून चालणार नाहीं.

आषाढांतल्या पावसापेक्षां कार्तिक-मार्गशीर्षांतला पाऊस थोडा असला तरी घरास अधिक घातक होतो. त्याचें पहिलें कारण असें कीं, आषाढांत घर बहुधा रिकामें असतें; जुनें धान्य सरत आलेलें असतें, वैरणीची गंजी बसलेली असते. कार्तिकांत मात्र भात, बाजरी, सोयाबीन, भुईमूग, सारें वर्षाचें उत्पन्न पडवींत, ओटीवर व माळ्यावर येऊन पडतें. अशा वेळीं एका रात्रीची गळती म्हणजे एका हंगामाची गळती होय. धान्याचा ओलावा शेंकडा १२ च्या फार वर गेला कीं बुरशी धरूं लागते. भिजलेल्या सोयाबीनची उगवणशक्ति जाते. भुईमुगावर येणारी कांहीं बुरशी तर माणसास व जनावरास विषारी असते. दुसरें कारण, चार महिने मारा खाल्लेलें छप्पर दसऱ्याच्या सुमारास सर्वांत वाईट स्थितींत असतें. वाऱ्यानें व माकडांनीं कौलें सरकविलेलीं असतात, सांध्यांत शेवाळ माजलेलें असतें, पन्हळींत कडुनिंबाचा नि पिंपळाचा पाला, पांखरांचीं घरटीं व वाहून आलेली माती घट्ट बसलेली असते. तिसरें कारण मनुष्यस्वभावाचें आहे. आषाढांत सारें घर सावध असतें, गळतीखालीं घमेलें सरकविण्यास कोणी ना कोणी जागें असतें. कार्तिकांत घरची मंडळी निर्धास्त झोंपतात.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नळीचीं कौलें होतीं तोंपर्यंत दर वर्षीं तीं सगळीं हातांखालून जात. शाकारणीच्या निमित्तानें वासा न् वासा डोळ्यांखालून निघे. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला व तेव्हांपासून मंगळोरी कौलांचा प्रसार झाला. तीं एकमेकांत अडकून बसतात, वर्षाला चाळावीं लागत नाहींत. पुढें पत्रा आला, सिमेंटचा स्लॅब आला. छप्पर सुधारलें यांत शंका नाहीं. परंतु त्याबरोबर छपरावर चढण्याचें निमित्तच नाहींसें झालें. आज आपल्या घरांत असा तरुण शेतकरी सांपडेल कीं, त्यास आपल्या ट्रॅक्टरचा प्रत्येक भाग ठाऊक आहे, पण आपल्या पन्हळीचें तोंड कोणत्या दिशेस आहे हें ठाऊक नाहीं.

छपरावरून किती पाणी उतरतें याचा हिशेब शेतकऱ्यानें एकदां तरी करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मि.मी. पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. ३० फूट रुंद व ४० फूट लांब घराचें छप्पर सुमारें १११ चौरस मीटर जागा झांकतें. त्यावर एक इंच, म्हणजे २५ मि.मी., पाऊस पडला तर जवळजवळ २,८०० लिटर पाणी खालीं येतें. पंधरा लिटरांची घागर धरली तर या सुमारें १८५ घागरी झाल्या. वादळी पाऊस एवढें पाणी अर्ध्या तासांतहि ओततो. अर्ध्या तासांत १८५ घागरी आणून आपल्या जोत्याशीं उपड्या करण्यास आपण कोणास परवानगी देऊं काय? बुजलेली पन्हळ नेमकें हेंच काम करते.

आमच्या स्वतःच्या घरचा अनुभव सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं; कारण तो सांगितल्यानें कोणाचें तरी धान्य वांचेल. जुन्या कौलारू सोप्यास लागून आम्हीं पत्र्याची नवी पडवी काढली. दोन छपरें जेथें मिळतात तेथें एक कोनांतली पन्हळ घातली व ती पुढें विसरून गेलों. एका कार्तिकांत मध्यरात्रीं वळवासारखा पाऊस आला. सकाळीं पाहतों तों त्या कोनाखालीं थप्पी लावलेलीं सोयाबीनचीं पोतीं खालपर्यंत भिजलेलीं. वर चढून पाहिलें तर पन्हळींत फक्त टोपलीभर पाला अडकला होता. टोपलीभर पाला काढण्याचा आळस आम्हांस बियाण्याच्या पोत्यांस मुकवून गेला. दोन छपरांचा सांधा ही घरांतली सर्वांत दुबळी जागा असते, हा धडा आम्हीं त्या दिवशीं घेतला.

काळ्या जमिनीवर ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं तर पन्हळीकडे विशेष लक्ष पुरविलें पाहिजे. काळी माती पाणी प्याली कीं फुगते व वाळली कीं आकसून भेगाळते, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. पावसाळाभर ओली राहिलेली ही माती हिंवाळ्यांत वाळूं लागते. त्याच वेळीं घराच्या एकाच कोपऱ्यास पागोळ्यांचें पाणी पुन्हां मुरलें तर त्या कोपऱ्याखालची जमीन फुगते, बाकीची आकसते, व वर भिंतीस तिरकी भेग जाते. मग आपण गवंडी बोलावून भेग लिंपतों; पण पाणी तेथेंच पडत राहिल्यानें पुढच्या वर्षीं ती पुन्हां उघडते. कांद्याच्या वाफ्यांत पाणी तुंबूं न देणारा शेतकरी आपल्या भिंतीच्या मुळाशीं मात्र तें खुशाल तुंबूं देतो, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. वळचणीखालीं दोन-अडीच फूट रुंदीचा मुरुमाचा किंवा गोट्यांचा पट्टा घालून त्यास घरापासून दूर उतार द्यावा व पुढें चर काढून पाणी लांब न्यावें. एवढ्या साध्या उपायानें जोतें कोरडें राहतें, आणि मातीच्या भिंतीवर उडणारे शिंतोडेहि बंद होतात.

सोलापूर, धाराशिव व मराठवाडा या भागांतल्या माळवदाच्या घरांची काळजी निराळी. तेथें मातीचें धाबें पाणी शोषून जड होतें, आणि कठड्यांतली पन्हळ बुजली तर वर पाणी साचतें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद माळवदावर चार इंच पाणी तुंबलें तर त्याचा भार ९०० किलोंहून अधिक होतो, तोहि वाळवी लागलेल्या तुळईवर. पुष्कळ वेळां पाऊस उघडल्यावर, भिजलेली भिंत खचून, घर बसतें. म्हणून पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असें समजूं नये. धाब्यावर उगवलेलें गवत मुळासकट काढावें, उंदरांचीं बिळें ठोकून बंद करावीं, पांढरी माती चोपून पन्हळीकडे उतार करावा, आणि पन्हळ भिंतीच्या बाहेर निदान दीड फूट काढावी. भिंतीस चाटून पडणारें पाणी भिंत खातें.

पन्हळ बसवितांना तिला दर दहा फुटांस निदान अर्धा इंच उतार असावा. सपाट पन्हळींत पाणी उभें राहतें व तेथें डेंग्यूच्या डासांची पैदास होते. नळाचा हिशेबहि पाहावा. तासास १०० मि.मी. या वेगानें पाऊस पडत असतां चार इंची नळ सुमारें ४० चौरस मीटर छपराचें पाणी वाहून नेऊं शकतो. म्हणजे वर सांगितलेल्या घरास प्रत्येक बाजूस एक नळ पुरणार नाहीं, दोन लागतील. नळाच्या तोंडाशीं तारेची जाळी बसवावी, म्हणजे पाला वरच अडकतो व हातानें काढतां येतो. पत्र्याचें छप्पर असल्यास खिळे व बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेले आहेत किंवा नाहींत हें पाहावें; खोलगट भागांत मारलेला खिळा गळल्यावांचून राहत नाहीं. वाऱ्याचा जोर वळचणीशीं व आढ्याशीं सर्वांत अधिक बसतो, म्हणून त्या ठिकाणचे बोल्ट आधीं आवळावे. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावर कोणीं पाय देऊं नये, तो एकाएकीं तुटतो. व त्यास कापूं किंवा खरवडूं नये, कारण त्याची धूळ फुप्फुसास अपाय करते. शिडीखालीं धरणारा माणूस असल्यावांचून वर चढूं नये आणि विजेच्या तारेपासून दूर राहावें. पाला काढण्याच्या कामांत घरचा माणूस पडून जायबंदी झाला तर सारा हिशेबच उलटा होतो.

पागोळ्यांवरून शेजाऱ्याशीं होणाऱ्या तंट्यांविषयींहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. मुंबई इलाख्यास १८९१ सालीं लागू झालेल्या १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यानें शेजाऱ्याच्या जमिनीवर वळचणीचें पाणी सोडण्याचा हक्क मिळूं शकतो. परंतु तो हक्क असला तरी वळचण पुढें वाढवून शेजाऱ्यावरचा भार वाढवितां येत नाहीं, असें त्या कायद्यांत उदाहरणानेंच सांगितलें आहे. जुनीं कौलें काढून पुढें लांब आलेला पत्रा घालणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. कज्ज्यास लागणाऱ्या पैशांत एक सोडून दहा पन्हळी होतात. पत्रा चढविण्यापूर्वीं शेजाऱ्यास बोलावून पाणी कोणीकडे काढावयाचें तें ठरविणें, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

इतका खर्च व खटाटोप एखाद्या वेळच्या पावसासाठीं कोण करणार, असा आक्षेप येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, पाहणीस खर्च जवळजवळ नाहींच. लागतो तो एक दिवस. दरवर्षीं अवकाळी येईलच असें नाहीं, हें खरें. पण तो कोणत्या वर्षीं येणार हें आधीं कळत नाहीं. म्हणूनच दरवर्षीं तयार असावें लागतें. घर पडल्यावर पंचनामा होतो, कांहीं मदतहि मिळते. पण तिनें घर पूर्ववत् उभें राहत नाहीं व गेलेलें माणूस परत येत नाहीं.

यासाठीं नवा सण काढण्याची जरूर नाहीं. दिवाळीपूर्वीं प्रत्येक घरीं साफसफाई होतेच. घरच्या बायका भिंती झाडतात, सारवतात, रंग देतात; वर पाहण्याचें काम पुरुषांचें, व तें राहून जातें. आमची सूचना अशी कीं, दसरा ते नरकचतुर्दशी या अवधींत झाडलोट आढ्यापासून सुरू करावी व जोत्याशीं संपवावी. दसऱ्यास आपण नांगर-कुळव पुजतों. त्यांत शिडीहि मांडावी आणि दुसऱ्या दिवशीं ती भिंतीस लावावी. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक भक्कम शिडी व दोन ताडपत्र्या ठेवाव्या, कौलें एकत्र मागवावीं, आणि ज्या घरीं चढण्याजोगें माणूस नाहीं, विधवा किंवा वृद्ध माणसेंच आहेत, त्या घरच्या पन्हळी गांवच्या तरुणांनीं साफ कराव्या. हें काम दानाचें नव्हे, शेजारधर्माचें आहे.

वळचणीचें पाणी आढ्यास जात नाहीं, असें आपण म्हणतों. पण वळचणीशीं अडलेलें पाणी वासे धरून घरांत मात्र शिरतें, आणि तेथें आपलें वर्षाचें धान्य असतें. तें तेथपर्यंत येण्यापूर्वीं त्याला वाट करून द्यावी, एवढीच आमची आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.