चट्टा सांगितला, खोकला लपवला

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीतल्या एका ताईंच्या पाठीवर फिकट चट्टे निघाले. आशाताईंच्या लक्षात आले, तपासणी झाली, कुष्ठरोगाचे निदान झाले आणि औषधाचे पाकीट घरी आले. ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवले, सुनेलाही कळू दिले नाही. चार महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या खोकत होत्या. विचारले, "ताई, खोकला कधीपासून?" म्हणाल्या, "पाकीट सुरू व्हायच्या आधीपासून." "मग दवाखान्यात सांगितलं नाही?" "ते चट्ट्याचे डॉक्टर. त्यांना खोकल्याचं काय सांगायचं?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एका रोगानंच एवढी झोप उडाली. दुसरा कशाला ओढवून घेऊ?"

थुंकी तपासली. क्षयरोग निघाला.

एकाच शरीरात कुष्ठरोग आणि क्षयरोग असे दोन्ही असणे रोजचे नाही. पण ते होते आणि होते तेव्हा बहुधा उशिरा कळते. आमचे म्हणणे सरळ आहे. कुष्ठरोगाचे औषध सुरू होण्याआधी प्रत्येकाला खोकल्याबद्दल विचारले गेलेच पाहिजे, आणि दवाखान्याने विचारले नाही तर आपण स्वतः सांगितले पाहिजे.

यामागचे कारण समजून घ्या. हे दोन्ही रोग जंतूंमुळे होतात आणि ते जंतू एकाच कुळातले आहेत. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला, क्षयरोगाचा रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली. दोन्ही जंतू शरीरात हळूहळू काम करतात, दोन्ही रोगांची औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. आणि दोन्ही रोगांवरचे एक महत्त्वाचे औषध एकच आहे : रिफाम्पिसिन.

कुष्ठरोगात रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा देतात. क्षयरोगात तेच औषध रोज, इतर औषधांच्या जोडीने देतात. आता छातीत क्षय आहे हे कोणाला माहीत नाही आणि फक्त कुष्ठरोगाचे पाकीट सुरू झाले, तर काय होईल? महिन्यातून एका डोसने क्षयाचे सगळे जंतू मरत नाहीत. जे या औषधाला दाद देत नाहीत, ते मागे उरतात आणि वाढतात. पुढे क्षयाचे निदान होते तेव्हा हेच मोठे औषध कामाचे राहिलेले नसते. मग उपचार अवघड होतो, आणि घरातल्या लेकराबाळांनाही तोच हट्टी जंतू लागू शकतो.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. कुष्ठरोगात उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही काही जणांना 'रिअॅक्शन' येते. चट्टे लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात, हातापायातली ताकद जाते. त्यावर प्रेडनिसोलोन देतात आणि ते द्यावेच लागते, नाही तर हातापायाला कायमचे व्यंग येऊ शकते. पण याच गोळीने शरीराची लढायची ताकद कमी होते आणि दबून बसलेला क्षय डोके वर काढतो. म्हणून ही गोळी सुरू करण्याआधीही खोकला, ताप, घटलेले वजन यांची चौकशी झाली पाहिजे.

दोन्ही रोग निघाले म्हणून घाबरून जाऊ नका. दोन्हींवर एकाच वेळी उपचार होतात आणि दोन्ही बरे होतात. क्षयाचे रिफाम्पिसिन रोज चालू असते, तोवर कुष्ठरोगाच्या पाकिटातले महिन्याचे रिफाम्पिसिन डॉक्टर थांबवतात आणि बाकीच्या गोळ्या चालू ठेवतात. क्षयाचा कोर्स संपला आणि कुष्ठरोगाचा बाकी असला, तर महिन्याचा डोस पुन्हा सुरू होतो. पण हे डॉक्टरांनी ठरवायचे. "दोन्हीकडे तीच गोळी दिसते" म्हणून आपल्या मनाने एकही गोळी काढून टाकू नका.

गोळ्यांचा ढीग पाहून माणूस कंटाळतो, हे आम्ही रोज पाहतो. त्यातून काही नवीन त्रास दिसला की औषध बंद होते. म्हणून हे लक्षात ठेवा. लघवी नारिंगी-लाल होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. क्लोफाझिमिनने कातडी काळसर पडते, औषध संपल्यावर ती हळूहळू उजळते. पण डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊ लागली, अंगभर पुरळ उठले, धाप लागून चेहरा पांढराफटक पडला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा. हातापायाला मुंग्या आल्या, तर त्या कुष्ठरोगाने दुखावलेल्या नसेच्या असतील किंवा क्षयाच्या आयसोनियाझिड गोळीच्याही असतील. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. म्हणून मुंग्या आल्याचे दोन्हीकडे सांगा.

आता दवाखान्यांबद्दल. दोन रोगांचे दोन कर्मचारी, दोन नोंदवह्या, दोन कार्डे. एकाच्या कार्डावर दुसऱ्या रोगाची ओळही नसते. आम्ही स्वतः नर्स म्हणून काम केले आहे, कामाचा बोजा किती असतो ते आम्हाला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये क्षयरुग्ण आणि कुष्ठरुग्ण शोधण्याची संयुक्त मोहीम झाली. एकच पथक घरोघरी जाऊन खोकलाही विचारत होते आणि चट्टाही पाहत होते. रुग्ण शोधताना दोन्ही रोग एकत्र येतात, तर औषध देताना वेगळे का पडतात? कुष्ठरोगाच्या कार्डावर 'खोकला आहे का, थुंकी तपासली का' आणि क्षयाच्या कार्डावर 'चट्टा पाहिला का' एवढे दोन रकाने छापायला कितीसा खर्च येणार आहे? ही मागणी प्रत्येक वस्तीने आपल्या आरोग्य केंद्रात लेखी द्यावी.

पण सगळा दोष दवाखान्याचा नाही. त्या ताईंनी खोकला लपवला, कारण चट्ट्याची बातमी फुटली तर कामे सुटतील ही भीती होती. ही भीती खोटी नाही. घरमालक खोली रिकामी करायला सांगतो, लेकीचे जमलेले लग्न मोडते. कुष्ठरोग्यांना समाजापासून तोडणारा १८९८ चा इंग्रजी कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातली सोय २०१९ मध्ये निघाली. कायद्याला एवढा वेळ लागला, तर वस्तीतल्या बाईने कोणाच्या भरवशावर बोलायचे? म्हणून लपवणाऱ्याला बोल लावू नका. ज्यांच्या भीतीने ती लपवते, ते आपण आहोत.

आपल्या वस्तीतही या रोगाला अजून 'महारोग' म्हणतात, 'मागच्या जन्मीचं पाप' म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे शब्द कसे राहिले? शिवू नका म्हणणाऱ्यांचा जाच ज्यांच्या आजापणजांनी भोगला, त्यांनी दुसऱ्याला शिवू नये, हे कसे चालेल? वर्षावासात आपण विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात बाबासाहेबांनी सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याच्या दीक्षेला जागा दिली आहे. ते पान आले की आपण हात जोडतो आणि घरी जाताना शेजारच्या चट्टेवाल्या बाईच्या हातचे पाणी टाळतो. उपचार सुरू झाल्यावर कुष्ठरोगाचा संसर्ग लवकरच थांबतो, आणि बहुतेकांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची ताकद मुळातच असते. मग भीती कशाची?

या महिन्यात एवढे करू. रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे आशाताईंना बोलू द्या. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असेल तर थुंकी तपासून घ्या. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो दाखवा. दोन्ही तपासण्या आणि दोन्ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. क्षयाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपयेही मिळतात. घरात कुष्ठरुग्ण असेल तर इतरांना रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देतात. त्या वेळी घरात कोणाला खोकला असेल तर तो आधी सांगा, मग गोळी घ्या. आणि रुग्णाचे नाव गल्लीत मोठ्याने घेऊ नका, हे आम्ही कार्यकर्त्यांनाही बजावून सांगतो.

त्या ताईंचे क्षयाचे औषध आता संपत आले आहे. जंतूने रिफाम्पिसिनला दाद दिली, उशीर होऊनही वेळ हातची गेली नव्हती. पाकीट पिठाच्या डब्यामागून बाहेर आले आहे. रोज रात्री सूनच गोळ्या काढून हातावर ठेवते. कामाच्या चारही घरी मात्र त्यांनी अजून काही सांगितलेले नाही, आणि सांगा असे म्हणायचा धीर आम्हालाही होत नाही.