धुराला मुदत, कायद्याला सूट

दगडी कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी नवी मानके जाहीर केली. धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या राखेच्या कणांवर मर्यादा पूर्वीपासूनच होती. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांवर मात्र राष्ट्रीय पातळीवर असे बंधन प्रथमच आले. चालू केंद्रांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. ती २०१७ मध्ये संपली आणि २०२२ पर्यंत वाढविण्यात आली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडून काहींना २०२४ पर्यंत सवड मिळाली. २०२२ मध्ये आणखी दोन वर्षे व डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षे त्यात जमा झाली. अखेरीस ११ जुलै २०२५ रोजी मुदतवाढीचा हा सिलसिला एका निराळ्याच मार्गाने संपला: तीन-चतुर्थांशांहून अधिक संचांना सल्फर डायऑक्साइडच्या मानकातूनच सूट मिळाली. दहा वर्षांत धूर बदलला नाही. बदलला तो कायदा.

शासनाची बाजू अगदीच पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. भारतीय कोळशात राख विपुल असली तरी गंधकाचे प्रमाण कमी असते. बहुतेक शहरांच्या हवेतील सल्फर डायऑक्साइड राष्ट्रीय मर्यादेच्या आत आहे. धूर धुण्याची यंत्रणा महाग आहे. तिला चुनखडी व पाणी लागते आणि केंद्रात निर्माण होणाऱ्या विजेचा काही अंश तीच खाऊन टाकते. हा भार अखेरीस वीजदरात उतरतो आणि महिनाअखेरीस बिलाचा आकडा पाहून धास्तावणाऱ्या नोकरदाराला तो जाणवल्यावाचून राहत नाही. देशातील विजेचा फार मोठा भाग अद्याप कोळशापासूनच निर्माण होतो, हेही खरे. तेव्हा खर्च आणि लाभ यांचा मेळ घालण्याचा अधिकार शासनाला नाही, असे कोणीही म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो हा मेळ कोणत्या तराजूने घातला, याचा. सल्फर डायऑक्साइड हा वायू धुराड्यातून निघाला तसाच हवेत राहत नाही. वातावरणातील अमोनियाशी व इतर घटकांशी त्याचा संयोग होऊन सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. हेच कण फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. हवेत वायू कमी आढळला म्हणजे त्याचा उपद्रवही कमी, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो. वायूची नोंद एका रकान्यात उतरते आणि त्यापासून बनलेल्या कणांची दुसऱ्याच. शिवाय सक्तीचा निकष लावला आहे तो अंतराचा. राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत जे केंद्र असेल, त्याला यंत्रणा बसविणे भाग. त्यापलीकडच्या बहुतेकांना मोकळीक. वाऱ्याला महापालिकेची हद्द ठाऊक नसते, आणि खेड्यातील माणसाची छाती शहरातील माणसाच्या छातीहून निराळ्या मातीची घडलेली नसते. सूट मिळालेल्या केंद्रांवर धुराड्यांच्या उंचीचा निकष पाळण्याची अट आहे. पण उंच धुराडे हे धूर नाहीसा करण्याचे नव्हे, दूर पाठविण्याचे साधन आहे.

हे तंत्र भारताला अपरिचित होते, असेही नाही. मुंबईत ट्रॉम्बे येथील वीज केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची व्यवस्था १९८० च्या दशकातच झाली. डहाणूचे उदाहरण अधिक बोलके आहे. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये तेथे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याचा आग्रह धरला, तो वर्षानुवर्षे सोडला नाही आणि ५०० मेगावॅटच्या त्या केंद्रात २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. तेथे कायदा निराळा नव्हता, कोळशाचे रसायनही निराळे नव्हते. निराळी होती ती अंमलबजावणी करणारी संस्था: ती एका जागी होती, तिला अधिकार होता आणि तिच्यावर कोणाचे दडपण नव्हते.

चीनने हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडविला. २००६ ते २०१० च्या पंचवार्षिक योजनेत सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन दहा टक्क्यांनी घटविण्याचे बंधनकारक उद्दिष्ट ठेवून, गंधकमुक्त विजेला दरात थोडी वाढ देण्यात आली. यंत्रणा बसवून ती बंद ठेवणाऱ्यांना त्या वाढीव दराला मुकावे लागे. भारतातही खर्चाच्या भरपाईची वाट अडलेली नव्हती. या यंत्रणेचा खर्च कायद्यातील बदलामुळे उद्भवलेला मानून दरात धरावा, असा निर्देश केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच दिला होता. राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाने आणि इतर काही कंपन्यांनी आपल्या काही केंद्रांत यंत्रणा उभ्याही केल्या. ज्यांनी कायदा मानला त्यांच्या विजेवर खर्चाचा बोजा चढला आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांना सूट मिळाली. परीक्षेचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांचे पेपर तपासावेत आणि न केलेल्यांसाठी परीक्षाच रद्द करावी, असा हा न्याय झाला. पुढच्या खेपेस एखादे मानक जाहीर झाले, की कोणता शहाणा उद्योजक पहिल्या दिवशी कामाला लागेल?

या प्रकरणातील खरी हानी येथे आहे. भारतात पर्यावरणविषयक कायद्यांची उणीव कधीच नव्हती. महाराष्ट्राने तर जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षे आधीच केला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण राज्याच्या निदेशक तत्त्वांत आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट झाले. १९८१ मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा आला आणि भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील भीषण दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम संमत झाला. त्यात पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. फौजदारी खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, त्यापेक्षा तत्काळ दंड बरा, या युक्तिवादात तथ्य आहे. पण ज्या केंद्राची रोजची उलाढाल कोटींत आहे, त्याला पंधरा लाखांची धास्ती वाटावी तरी का? आणि मुदतच पुढे सरकत असेल, तर दंड आकारावा तरी कशाबद्दल?

अंमलबजावणीच्या रचनेतही एक मूलभूत दोष आहे. मानके केंद्र ठरविते. ती पाळली जातात की नाही, हे राज्यांची प्रदूषण नियंत्रण मंडळे पाहतात. आणि मंडळांचे अध्यक्ष नेमते ते राज्य शासन. महानिर्मितीसारखी वीज कंपनी त्याच राज्य शासनाच्या मालकीची असते. मालक एक, तपासनीसही त्याच्याच पदरचा, अशा व्यवस्थेत तपासणीला कितपत धार राहणार? चंद्रपूर शहराने हे अनुभवले आहे. महानिर्मितीचे सर्वांत मोठे, २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र तेथे आहे. २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरचे नाव आले. पुढे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील मानके न गाठणाऱ्या शहरांतही ते समाविष्ट झाले. एवढे होऊनही अशा क्षेत्रांतील केंद्रांवर २०२५ ची अधिसूचना सरसकट सक्ती करीत नाही. प्रत्येकाविषयी स्वतंत्र निर्णय घेण्याचे ती सांगते. ज्या जागेचे दुखणे शासनाने स्वतःच कागदावर नोंदविले, तेथेही औषध द्यावे की नाही, हा विचाराधीन विषय राहतो.

यावरील उपाय अगदी असाध्य नाहीत. मानक ठरविण्यापूर्वी जो अभ्यास करावयाचा तो करावा, खर्चाचा हिशेब मांडावा, उद्योगांचे म्हणणे ऐकावे. पण एकदा मानक ठरल्यावर त्याची मुदत प्रशासकीय अधिसूचनेने नव्हे, तर संसदेपुढे कारणे मांडूनच बदलता यावी. प्रत्येक धुराड्यावरील सतत मोजणी करणाऱ्या यंत्रांचे आकडे तेथील ग्रामस्थांना व शाळा-महाविद्यालयांना समजतील अशा रीतीने दररोज जाहीर व्हावेत. मंडळांच्या अध्यक्षांची व तज्ज्ञांची निवड शासनाच्या मर्जीपासून अलग करावी. आणि सूट द्यावयाचीच असेल, तर त्या केंद्राच्या छायेत राहणाऱ्या लोकांच्या आरोग्याची पाहणी हा तिचा आधार असावा, शहरापासूनचे अंतर नव्हे.

स्वस्त वीज कोणाला नको असते? तथापि धूर धुण्याचा जो खर्च आज बिलातून वगळला गेला, तो नाहीसा झालेला नाही. तो दवाखान्याच्या चिठ्ठीवर, बुडालेल्या रोजगारावर आणि मुलांच्या अकाली थकलेल्या श्वासावर लिहिला जाणार आहे. फरक एवढाच, की विजेचे बिल वीज वापरणाऱ्याच्या नावे येते, आणि हे दुसरे बिल, ज्याच्या घरात कदाचित एकच दिवा जळतो, त्याच्या.