एक मिलिमीटरची किंमत

महापालिकेच्या नगररचना विभागाने मोठ्या आकाराचा स्कॅनर किंवा प्लॉटर विकत घेतला, तर त्याची बातमी होत नाही. निविदा निघते, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते, लेखापरीक्षक पावत्या तपासतो आणि विषय संपतो. माझ्या मते, नागरिकांच्या घरांचे भवितव्य ज्या खरेदीवर अवलंबून असते, अशा खरेद्यांपैकी ही एक आहे.

बंगळूरुचा एचएसआर लेआउट हे त्याचे उदाहरण. बंगळूरु विकास प्राधिकरणाने वसवलेल्या या भागाला लागून अगरा तलाव आहे. मडिवाळा तलावाचे पाणी अगऱ्यात आणि तेथून बेळ्ळंदूरला, अशी ही जुनी साखळी. तिला जोडणाऱ्या नाल्यांना तेथे ‘राजकालुवे’ म्हणतात. सप्टेंबर २०२२ च्या पावसात शहराचा हा आग्नेय पट्टा पाण्याखाली गेला आणि पाठोपाठ अतिक्रमणांवर बुलडोझर चालले. अनेकांनी न्यायालयात धाव घेतली, फेरमोजणीची मागणी झाली. वादाचा प्रश्न एकच होता: नाला नेमका कोठून जात होता? त्याचे उत्तर शोधण्यासाठी जुने गावनकाशेच उघडावे लागतात.

कर्नाटकातील हे नकाशे साधारणतः १:७९२० या प्रमाणात, म्हणजे मैलाला आठ इंच धरून, काढलेले आहेत. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर जवळजवळ आठ मीटर. बंगळूरुत सर्रास आढळणाऱ्या ३० बाय ४० फुटांच्या भूखंडाची रुंदी या नकाशावर सव्वा मिलिमीटरही भरत नाही. कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये हजारात एक भाग एवढी चूक सामान्यतः स्वीकारार्ह मानली जाते. मीटरभर लांबीच्या नकाशात ती एक मिलिमीटर होते. एवढ्या फरकाने नाला शेजाऱ्याच्या अंगणातून तुमच्या स्वयंपाकघरात सरकू शकतो.

जमिनीवरील खुणांशी पडताळून ही चूक बरीच कमी करता येते. मात्र निविदेत त्या कामाचा उल्लेख हवा. यंत्राचा वेग, छपाईची रुंदी आणि किंमत एवढेच निकष ठेवले, तर अचूकतेची हमी कोणी देत नाही. जीर्ण, घड्या पडलेला नकाशा रुळांतून ओढला तर फाटतो, आणि मूळ प्रत पुन्हा मिळत नाही. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा १९९९ चा कायदा आहे. त्याचा भर स्पर्धेवर आणि कमी दरावर असला, तरी अचूकतेची अट घालण्यास त्याने मनाई केलेली नाही.

हा मुद्दा आज तातडीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरुची एक महापालिका जाऊन पाच महापालिका आल्या. प्रत्येकीने आपापली यंत्रे घ्यावीत, हा सोपा मार्ग. परंतु नाला महापालिकेची हद्द पाहून वाहत नाही. छपाईचे प्लॉटर प्रत्येक कार्यालयात असावेत. जुन्या नकाशांचे स्कॅनिंग मात्र एकाच सामाईक केंद्रात, एकाच कसोटीवर व्हावे. प्रमाणित नमुना स्कॅन करून यंत्राची अचूकता ठरावीक काळाने तपासावी, तिची नोंद ठेवावी आणि ती नोंद नकाशासोबत नागरिकांना खुली असावी.

केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये १५२ शहरांत ‘नक्शा’ हा नागरी भूसर्वेक्षणाचा उपक्रम सुरू केला. आकाशातून टिपलेले चित्र आज काय उभे आहे ते अचूक दाखवते. बुजवलेला नाला पूर्वी कोठे होता, हे ते एकट्याने सांगू शकत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याचा पूर पाहिलेल्यांना हा फरक समजावण्याची गरज नाही.

घर पाडण्याचा आदेश ज्या नकाशाच्या आधारे निघतो, त्या नकाशात किती मीटरची चूक संभवते हे विचारण्याचा अधिकार घरमालकाला असलाच पाहिजे. त्याचे उत्तर देण्याची तयारी यंत्रखरेदीच्या निविदेपासून करावी लागते; बुलडोझर दारात आल्यावर ती करता येत नाही.